कम्युनियन उभे राहून घ्यावे की गुडघे टेकून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि महूच्या परिसरातील मराठी कॅथलिक कुटुंबांतील मुलांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर म्हणून दिली जाणारी भाकरी पहिल्यांदा घेण्याची, तयारी मी गेली काही वर्षे रविवारी करून घेतो. कोणी वसईहून नोकरीनिमित्त आलेले, कोणी नाशिक-नगरकडचे, कोणी छावणीत तीन पिढ्या राहिलेले. घरात मराठी, आणि मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) मात्र हिंदीत किंवा इंग्रजीत. त्यामुळे जो शब्द आईकडून 'ख्रिस्तप्रसाद' म्हणून शिकला तोच चर्चमध्ये 'परमप्रसाद' म्हणून ऐकू येतो, आणि आजीने शिकवलेली रीत इथल्या रांगेत कोठेच दिसत नाही. मिस्सेनंतर फाटकाशी, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. चर्चचा नियम कोणता, प्रथा कोणती आणि माझे स्वतःचे मत कोणते, हे शक्य तेथे वेगळे सांगितले आहे.

1. उभे राहून घेतले काय, गुडघे टेकून घेतले काय, दोन्ही चालते ना? मग वाद कशाचा?

दोन्ही चालते. वाद आहे तो कोणती रीत अधिक योग्य, ती कोणी ठरवायची आणि ठरलेल्या रीतीपेक्षा वेगळे वागणाऱ्याशी कसे वागायचे याचा. मात्र या वादात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकत्र कालवले जातात. पहिला प्रश्न शरीराच्या ठेवणीचा आहे, म्हणजे उभे की गुडघ्यांवर. दुसरा प्रश्न होस्ट (म्हणजे ती भाकरी) कोठे घ्यायचा याचा आहे, म्हणजे हातावर की जिभेवर. उभे राहून जिभेवर घेणारे पुष्कळ आहेत, आणि गुडघे टेकून हातावर घेणारेही थोडे का होईना आहेत. या दोन्हींचे नियम वेगवेगळे असल्याने येथे मुख्यतः पहिल्या प्रश्नाविषयी लिहिले आहे. दुसऱ्यासाठी प्रश्न 8 आणि 9 पाहावेत.

2. चर्चचा लिखित नियम नेमका काय सांगतो?

लॅटिन विधीपुरते (रोमच्या परंपरेपुरते) बोलायचे तर 'रोमन मिसल' या उपासनापुस्तकाच्या सर्वसाधारण सूचनांतील 160 वा परिच्छेद सांगतो की, त्या त्या देशाच्या बिशप परिषदेने जसे ठरवले असेल त्याप्रमाणे भाविक गुडघे टेकून किंवा उभे राहून कम्युनियन घेतात. आणि उभे राहून घेत असतील तर घेण्यापूर्वी त्यांनी आदरदर्शक कृती करावी, अशी शिफारस आहे. म्हणजे सार्वत्रिक कायद्याने एक ठेवण वैध आणि दुसरी अवैध असे ठरवलेले नाही. त्याआधी 1967 सालीही रोमने (व्हॅटिकनने) पवित्र कम्युनियनविषयीच्या सूचनेत दोन्ही पद्धती मान्य केल्या होत्या.

त्याच सूचनांतील 42 वा परिच्छेद मात्र असेही सांगतो की, उपासनेत सर्वांनी एकसारखी ठेवण पाळणे हे ख्रिस्ती समुदायाच्या ऐक्याचे चिन्ह आहे. एकीकडे हा समुदायाचा विचार आणि दुसरीकडे व्यक्तीचा हक्क (प्रश्न 3), या दोहोंच्या मधल्या जागेत सगळा वाद उभा आहे.

3. मी रांगेत पुढे गेल्यावर गुडघे टेकले, तर फादर मला कम्युनियन नाकारू शकतात का?

नाही. रोमच्या उपासनाविषयक मंडळाने 25 मार्च 2004 या तारखेची 'रिडेम्प्शनिस साक्रामेंटुम' ही सूचना काढली. तिच्या 91 व्या परिच्छेदात असे आहे की, एखाद्या भाविकाला केवळ तो गुडघे टेकून किंवा उभा राहून घेऊ इच्छितो एवढ्याच कारणावरून कम्युनियन नाकारणे वैध नाही. वाक्यात दोन्ही ठेवणींचा उल्लेख आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. जेथे सगळे गुडघे टेकतात तेथे उभे राहणाऱ्यालाही हेच संरक्षण आहे.

या वाक्यामागे चर्चच्या कायदेसंहितेचे 843 वे कलम आहे: योग्य वेळी मागणाऱ्या, योग्य तयारीने आलेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या व्यक्तीला संस्कार नाकारता येत नाहीत. गुडघे टेकणे ही काही तयारीतील उणीव नव्हे. 1 जुलै 2002 रोजी याच मंडळाने एका बिशपांना लिहिलेले पत्र पुढे प्रसिद्ध झाले. त्यात, ठेवणीवरून कम्युनियन नाकारणे हा भाविकांच्या अत्यंत मूलभूत हक्कांपैकी एका हक्काचा गंभीर भंग आहे, असे स्पष्ट म्हटले होते.

दुसऱ्या शहरातील एका चर्चमध्ये, माझ्यासमोर, सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी गुडघे टेकण्यासाठी शेजारच्या बाकाचा आधार घेतला. कम्युनियन देणाऱ्या सेवकाने होस्ट मागे घेतला आणि हलक्या आवाजात "उठा, उठा" म्हटले. मावशींना वाटले की आपले पदर-बिदर काही चुकले. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि पुन्हा हात जोडले. मागे रांग थांबली होती, आणि शेवटी मागच्या मुलीने त्यांना धरून उभे केले. सेवकाचा हेतू वाईट नव्हता. त्याला कोणी तरी चुकीचे शिकवले होते. त्या दिवसापासून मी हे प्रश्न गांभीर्याने घेऊ लागलो.

4. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक कम्युनियन कसे घेत?

बहुतांशी उभे राहून. 325 सालच्या नायसियाच्या महासभेच्या विसाव्या कलमाने तर रविवारी आणि पुनरुत्थानाच्या काळात गुडघे न टेकता उभे राहूनच प्रार्थना करावी असे ठरवले, कारण उभे राहणे हे उठलेल्या ख्रिस्ताचे आणि मुक्त झालेल्या माणसाचे चिन्ह मानले जाई. गुडघे टेकणे पश्चात्तापाचे होते. निर्गम 12:11 मध्येही वल्हांडणाचे भोजन कंबर कसून, पायांत जोडे घालून, हातात काठी घेऊन करावे असे सांगितले आहे, आणि उभे राहणारे या वचनाचा आधार घेतात.

पण 'पहिल्यांदा असे होते' एवढ्याने वाद मिटत नाही. त्याच काळातील संत ऑगस्टीन सांगतात की, आधी आराधना केल्याशिवाय कोणीही हे शरीर खात नाही. आराधना त्या काळीही होती, फक्त तिची शारीरिक खूण वेगळी होती.

5. मग गुडघे टेकण्याची रीत कधी आली, आणि पुन्हा उभे राहणे कशामुळे आले?

पश्चिमेत ती मध्ययुगात हळूहळू रूढ झाली. कोणा एका हुकुमाने एका दिवसात आली नाही. नवव्या शतकाच्या सुमारास होस्ट जिभेवर देण्याची पद्धत पसरली. अकराव्या शतकात, भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे की केवळ चिन्हरूपाने, यावर मोठा वाद झाला आणि त्या वादानंतर खऱ्या उपस्थितीवरील भक्ती अधिक दृश्य रूपे घेऊ लागली. 1200 च्या आसपास होस्ट उंच धरून लोकांना दाखवण्याची प्रथा सुरू झाली, 1264 साली ख्रिस्तशरीराचा सण सर्व चर्चसाठी जाहीर झाला. अशा वातावरणात राजासमोर टेकावेत तसे गुडघे टेकणे लोकांना स्वाभाविक वाटले. पुढे वेदीसमोर कठडा आला, कठड्यावर पांढरे कापड आले, आणि तेच आपल्या आजी-आजोबांचे चर्च झाले.

एक गोष्ट मात्र विसरली जाते. त्या काळी सामान्य माणूस वर्षातून फार थोड्या वेळा कम्युनियन घेई. 1215 च्या लॅटरन महासभेला वर्षातून निदान एकदा तरी घ्या असा नियम करावा लागला. पोप पायस दहावे यांनी 1905 साली वारंवार, अगदी दररोजही घ्यावे असे प्रोत्साहन दिले आणि 1910 साली लहान मुलांनाही दार उघडले. कठड्यापाशी येणाऱ्यांची संख्या वाढली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर, 1960 च्या दशकाच्या अखेरीस, मिरवणुकीप्रमाणे गात, चालत येऊन उभे राहून घेण्याची पद्धत जगभर पसरली. त्यामागे प्राचीन रीतीकडे परतण्याचा विचार होता, तशी मोठ्या रांगेची व्यावहारिक सोयही होती. दोन्ही कारणे खरी आहेत, आणि यांपैकी एकच सांगणारा अर्धीच गोष्ट सांगतो.

6. दोन्ही बाजूंचे सर्वांत सबळ म्हणणे काय आहे?

गुडघे टेकणाऱ्यांचे म्हणणे असे की, समोर जो आहे तो जर खरोखर प्रभू असेल, तर शरीराने ते कबूल केले पाहिजे. 'येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकला जावा' हे फिलिप्पैकरांस पत्र 2:10 मधील वचन ते पुढे करतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 22 मे 2008 च्या ख्रिस्तशरीराच्या सणापासून आपल्या हातून कम्युनियन घेणाऱ्यांना ते गुडघ्यांवर आणि जिभेवर देण्यास सुरुवात केली, तीही याच भावनेने.

उभे राहणाऱ्यांचे म्हणणे असे की, कम्युनियन ही खासगी भक्ती नसून एका शरीराच्या अवयवांनी मिळून केलेले भोजन आहे. म्हणून सर्वांनी एकत्र चालत यावे, एकसारखे घ्यावे आणि कोणी वेगळे उठून दिसू नये. धर्मगुरू स्वतः उभे राहूनच घेतात, सर्वजण कठड्यापाशी गुडघे टेकत त्या काळातही ते उभे राहूनच घेत. मग उभे राहण्यात अनादर कोठून आला, हा त्यांचा प्रश्न मला बिनतोड वाटतो.

आपल्या भाषेतही हा पेच दिसतो. मराठीत 'गुडघे टेकले' म्हणजे हार मानली. कोणासमोर गुडघे टेकणे हे आपल्याकडे शरणागतीचे चिन्ह आहे, आदराचे नेहमीचे चिन्ह नव्हे. वडीलधारे घरात आले की आपण उठून उभे राहतो, आणि देवासमोर हात जोडतो किंवा दंडवत घालतो. एका बहिणींनी मला सांगितले की, याच अर्थामुळे त्यांना गुडघे टेकणे आवडते, कारण आठवड्यातून एकदा तरी कोणापुढे तरी हरायला हवे. दुसऱ्या एका काकांना नेमके याच अर्थामुळे उभे राहणे आवडते, कारण बापाच्या घरात मूल शरणागत म्हणून येत नाही. दोघांच्याही श्रद्धेत मला उणे दिसले नाही.

7. उभे राहून घेताना आदर कसा दाखवायचा? गुडघा टेकवून उठायचे की वाकायचे?

रांगेत तुमच्या पुढचा माणूस घेत असताना थोडे वाकून नमस्कार करावा, म्हणजे तुमची पाळी आल्यावर खोळंबा होत नाही. भारतात यासाठी एक खास आधार आहे. 25 एप्रिल 1969 रोजी रोमने भारतीय बिशपांनी सुचवलेले बारा उपासनाविषयक बदल मान्य केले. एका गुडघ्यावर टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकून नमस्कार करणे हा त्यांतील एक. म्हणून 'नमस्कार म्हणजे कॅथलिक आदर नव्हे' असे जे अधूनमधून ऐकू येते ते बरोबर नाही.

रांगेतच एक गुडघा टेकवून उठणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की, मागे लहान मूल किंवा काठी घेतलेले आजोबा असतील तर सांभाळावे. माणसे अडखळलेली मी पाहिली आहेत. गुडघे टेकूनच घेत असाल तर त्याआधी वेगळा नमस्कार करण्याची गरज नाही. गुडघे टेकणे हीच आदराची कृती आहे, असे रोमने 1980 साली स्पष्ट केले आहे.

8. हातावर घेताना डावा हात वर ठेवायला सांगतात. पण आम्ही प्रसाद नेहमी उजव्या हातात घेतो. चूक होते का?

हा प्रश्न मराठी घरांतूनच येतो, आणि तो अगदी योग्य आहे. चौथ्या शतकातील जेरुसलेमचे संत सिरिल नव्या ख्रिस्ती लोकांना शिकवताना सांगतात की, डाव्या हाताचे सिंहासन करून ते उजव्या हाताखाली ठेवावे, कारण उजवा हात राजाला स्वीकारणार आहे. तळवा किंचित खोलगट करून ख्रिस्ताचे शरीर घ्यावे आणि 'आमेन' म्हणावे. म्हणजे उजवा वर, डावा खाली. आपल्या आया पूजेच्या घरी तीर्थप्रसाद घ्यायला शिकवतात अगदी तसे.

आज बऱ्याच ठिकाणी उजव्या हाताने होस्ट उचलता यावा म्हणून डावा हात वर ठेवतात. ती सोय आहे, श्रद्धेचा प्रश्न नाही. उजवा वर ठेवला तर तळवा तसाच तोंडापर्यंत नेता येतो. महत्त्वाचे ते पुढे आहे: होस्ट तेथेच, फादरांसमोर किंवा एक पाऊल बाजूला होऊन खायचा, हातात घेऊन जागेवर जायचे नाही, आणि तळव्यावर कण राहिला का हे पाहायचे. लहानपणी मी वेदीसेवक होतो. घेणाऱ्यांच्या हनुवटीखाली पितळी कम्युनियन प्लेट धरणे हे माझे काम. एकदा शेवटी प्लेट खिडकीच्या उजेडात तिरपी धरली तेव्हा तिच्यावर मोहरीहून लहान असे दोन-तीन पांढरे कण दिसले. वयोवृद्ध फादरांनी ते बोटाने कटोऱ्यात घेतले, पाणी ओतले आणि प्यायले. एक शब्दही न बोलता त्यांनी जे शिकवले ते मी मुलांना आजही त्याच क्रमाने सांगतो. प्लेट ठेवावी असे 2004 च्या सूचनेतही आहे.

9. जिभेवर आणि हातावर यांचा दर्जा सारखा आहे का?

कायद्याच्या दृष्टीने पूर्ण सारखा नाही. जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येक भाविकाला सर्वत्र आहे. हातावर घेणे जेथे बिशप परिषदेने रोमच्या मान्यतेने परवानगी दिली आहे तेथेच. याचा इतिहास असा की, 1969 च्या निर्णयाआधी पोप पॉल सहावे यांनी जगभरच्या बिशपांना हातावर देण्याविषयी विचारले तेव्हा 567 जणांनी होकार दिला, 1,233 जणांनी नकार दिला आणि 315 जणांनी अटींसह होकार दिला. म्हणून जुनी रीत कायम राहिली, पण जेथे हातावर घेणे आधीच रुजले होते तेथील परिषदांना दोन तृतीयांश मतांनी परवानगी मागण्याची वाट ठेवली गेली. त्या वाटेने ती पुढे जगभर पसरली.

एक अपवाद लक्षात ठेवावा. होस्ट द्राक्षारसात बुडवून देत असतील तर तो हातावर घेता येत नाही, जिभेवरच घ्यावा लागतो, आणि भाविकाने स्वतः बुडवायचा नसतो.

10. कोविडच्या काळात जिभेवर देणे बंद झाले होते. ते आता कायमचे आहे का?

नाही. साथीच्या काळात अनेक धर्मप्रांतांनी आरोग्यासाठी केवळ हातावर देण्याचे ठरवले होते. ती तात्पुरती व्यवस्था होती. साथ गेल्यावर प्रश्न 9 मधील सर्वसाधारण नियम पुन्हा लागू होतो.

11. चटईवर बसून होणाऱ्या भारतीय पद्धतीच्या मिस्सेत काय करायचे?

प्रश्न 7 मधील बारा बदलांत जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, पंचांग प्रणाम आणि आरती यांचाही समावेश आहे. तेथे लोक सहसा उठून रांगेने जातात, किंवा लहान गट असेल तर फादर बसलेल्यांपर्यंत येतात. पंचांग प्रणामाची जागा मात्र सुरुवातीच्या पश्चात्ताप विधीत आणि महाप्रार्थनेच्या शेवटी आहे. तो कम्युनियनच्या रांगेत करायचा नसतो, हे उत्साही तरुणांना सांगावे लागते.

12. उज्जैनला गेलो तेव्हा तेथील चर्चमध्ये सगळे वेगळेच दिसले. ते चर्च कॅथलिकच ना?

पूर्णपणे कॅथलिक. इंदूर हा लॅटिन विधीचा धर्मप्रांत आहे आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचा उज्जैन सिरो-मलबार (केरळातील, पूर्वेकडील परंपरेच्या) विधीचा. पूर्वेकडील परंपरांत उभे राहून कम्युनियन घेणे ही प्राचीन आणि स्वाभाविक रीत आहे, आणि पोपशी ऐक्य राखणाऱ्या या चर्चेसना लॅटिन मिसलच्या सूचना लागू होत नाहीत. तेथे कॅथलिक म्हणून तुम्हाला कम्युनियन घेता येते. तेथील रीत पाहून तसे घ्यावे. धन्य सिस्टर राणी मारिया, ज्यांना 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येताना बसमध्ये मारण्यात आले आणि 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच धन्य घोषित करण्यात आले, त्या केरळच्या सिरो-मलबार कुटुंबातून आलेल्या होत्या आणि लॅटिन धर्मप्रांतात सेवा करत होत्या. 'उभे राहून घेणारे कमी भक्तिमान' असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच मातीतील या उदाहरणासमोर थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते.

13. माझे माहेर सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) आहे. तेथे कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि कॅथलिक उभे राहतात. हे उलटे नाही का?

वरवर तसे दिसते खरे. सी.एन.आय. 1970 साली सहा चर्चेस एकत्र येऊन झाले. त्यांतील अँग्लिकन परंपरेतून कठड्यापाशी गुडघे टेकण्याची रीत आली. परंतु इंग्लंडमध्ये 1552 च्या प्रार्थनापुस्तकात एक खुलासा छापला गेला होता: गुडघे टेकणे हे नम्रतेचे आणि कृतज्ञतेचे चिन्ह आहे, त्यातून भाकरीची आराधना अभिप्रेत नाही. 1559 साली तो काढला गेला आणि 1662 साली बदललेल्या शब्दांत परत आला. म्हणजे एकच ठेवण दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ वाहू शकते. ठेवणीवरून श्रद्धा ओळखता येत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. (सी.एन.आय.चे नातेवाईक आपल्याकडे मिस्सेला आले तर प्रश्न 18 पाहावा.)

14. गुडघेदुखीमुळे मला टेकता येत नाही, आणि माझ्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) सगळे टेकतात. लाज वाटते.

उभे राहा, किंवा बसून राहा आणि फादरांना जागेवर येऊ द्या. व्हीलचेअरवरील व्यक्तीने, गरोदर बाईने, शस्त्रक्रिया झालेल्याने काहीही सिद्ध करायचे नाही. प्रश्न 3 मधील नियम तुमच्यासाठीही आहे.

15. मुलांना कोणती रीत शिकवावी?

तुमच्या पॅरिशमध्ये जी रूढ आहे ती आधी, आणि दुसरीही वैध आहे हे त्याच दिवशी. मी साध्या, अभिषेक न केलेल्या होस्टवर सराव घेतो. एकदा एका मुलीने सरावात गुडघे टेकले, कारण आजीने वसईला तसे शिकवले होते, आणि दोन मुले हसली. मी सराव थांबवला आणि सगळ्यांना आळीपाळीने दोन्ही पद्धतींनी करायला लावले. नंतर हसणाऱ्यांपैकी एकाने गुडघे टेकून घेताना डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मुलांना कारण सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा लवकर समजतात; फक्त आईवडिलांनी घरी 'ते लोक' असा शब्द वापरू नये.

16. बिशपांनी सर्वांनी उभे राहावे असे सांगितले, तरी मी गुडघे टेकले तर तो आज्ञाभंग ठरतो का?

येथे सर्वांत अवघड गाठ आहे. समान रीत ठरवण्याचा अधिकार बिशप परिषदेला आहे आणि बिशप आपल्या धर्मप्रांतात तिचा आग्रह धरू शकतात. डिसेंबर 2024 मध्ये शिकागोचे कार्डिनल ब्लेझ क्युपिच यांनी आपल्या लोकांना उभे राहून घेण्याचे आवाहन केले आणि स्वतःकडे लक्ष वेधणारी किंवा मिरवणुकीचा प्रवाह अडवणारी कृती कोणी करू नये असे लिहिले. त्यावर अमेरिकेत पुष्कळ वाद झाला. त्याच देशाच्या परिषदेचा नियम कसा बदलत गेला हे पाहण्यासारखे आहे. 2002 साली उभे राहणे ही रीत ठरली. गुडघे टेकणाऱ्याला नाकारू नये, पण त्याला समजावून सांगावे असे तेव्हा लिहिले होते. 2011 पासूनच्या आवृत्तीत समजावण्याचे वाक्य नाही. उभे राहून घ्यावे, मात्र एखाद्या भाविकाची गुडघे टेकून घेण्याची इच्छा असेल तर ते वेगळे, एवढेच आहे.

माझे मत असे: सार्वत्रिक कायद्याने दिलेली मोकळीक वापरणे हा आज्ञाभंग नव्हे. परंतु तीच मोकळीक शेजाऱ्याला खिजवण्यासाठी, किंवा 'आम्हीच खरे' हे दाखवण्यासाठी वापरली, तर दोष गुडघ्यात नसून मनात आहे. तसेच बिशपांच्या आवाहनाची ढाल करून एखाद्याला रांगेत सर्वांसमोर सुधारणे हेही त्या आवाहनाचा विपर्यास करणे आहे. हे दोन्ही मी पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा माणसे चर्चमधून उतरलेल्या चेहऱ्याने बाहेर पडली.

17. घेऊन जागेवर आल्यावर बसायचे, की सर्वांचे होईपर्यंत गुडघ्यांवर राहायचे?

जसे जमेल तसे. 2003 साली रोमने याच प्रश्नाला उत्तर देताना सांगितले की, कम्युनियननंतर गुडघे टेकायचे, उभे राहायचे की बसायचे याबाबत भाविकांना मोकळीक आहे.

18. लग्नाच्या मिस्सेत हिंदू नातेवाईक विचारतात की प्रसाद सर्वांना असतो, मग आम्हाला का नाही?

'परमप्रसाद' या शब्दामुळे हा गोंधळ इथे फार होतो, आणि तो विचारणाऱ्याचा दोष नाही. देवळातील प्रसाद हा देवाला अर्पण केलेल्या अन्नाचा वाटा. येणाऱ्याला तो न देणे म्हणजे अपमान. कम्युनियन हे बाप्तिस्मा आणि श्रद्धेच्या बंधनाचे चिन्ह आहे, म्हणून ते त्या बंधनात असलेल्यांनाच दिले जाते. इतर चर्चेसच्या ख्रिस्ती लोकांनाही सर्वसाधारणपणे दिले जात नाही. कायद्याच्या 844 व्या कलमात ठरावीक परिस्थितीतील अपवाद आहेत. मिस्सेआधी घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने पाहुण्यांच्या कानावर हे प्रेमाने घातले तर रांगेत अवघडलेपण येत नाही. आमच्याकडे एका लग्नात मुलीच्या मामांनी फाटकाशीच सगळ्या पाहुण्यांना सांगितले, आणि नंतर मांडवात प्रत्येकाच्या हातात पहिला पेढा स्वतः ठेवला.

19. आमच्या चर्चमध्ये कठडा पुन्हा बसवावा असे काही जण म्हणतात. तसे करता येते का?

कठडे काढा असा सार्वत्रिक हुकूम कधीही निघाला नव्हता. वेदीच्या परिसराची मांडणी बदलायची तर पॅरिशचे फादर आणि बिशप यांच्या संमतीनेच करावी लागते. त्याआधी एखादे गुडघे टेकायचे बाक रांगेच्या टोकाला ठेवून पाहणे सोपे आहे. ज्यांना टेकायचे ते टेकतात, इतर बाजूने जातात. ते कोणाला बंधनकारक वाटणार नाही अशा जागी ठेवावे.

20. मला नाकारलेच, तर त्या क्षणी आणि नंतर काय करावे?

त्या क्षणी वाद घालू नये. शक्य असेल तर उभे राहून घ्यावे, नसेल तर जागेवर परत जावे. मिस्सेनंतर फादरांना एकट्याने भेटावे; अनेकदा गैरसमज तेथेच मिटतो, आणि सेवकाने नाकारले असेल तर फादरांना त्याची कल्पनाही नसते. त्याने झाले नाही तर बिशपांना सभ्य भाषेत, तारीख आणि घडलेली गोष्ट लिहून पत्र द्यावे. आपल्या गरजा धर्मपालांना कळवण्याचा हक्क चर्चच्या कायदेसंहितेच्या 212 व्या कलमाने प्रत्येक भाविकाला दिला आहे. चित्रफीत काढून गटांवर पाठवू नये. प्रश्न 3 मधील मावशींच्या बाबतीत मी फादरांना भेटलो, त्यांनी पुढच्या शनिवारी सर्व सेवकांना बोलावून 91 वा परिच्छेद वाचून दाखवला, आणि रविवारी मावशी आल्या तेव्हा तोच सेवक होस्ट हातात घेऊन त्यांच्यासाठी खाली वाकला.